सर विल्यमचा बुरूज

‘सर’ ही पदवी आमच्या नागपुरात फार स्वस्त आहे. कॉलेजचा जिना चढून वर्गात पोचेपर्यंत ती मला दहा वेळा मिळते, आणि तिच्यासाठी मी ना कधी तोफ डागली, ना कधी समुद्र ओलांडला. आमचा पाण्याशी संबंध म्हणजे अंबाझरी नाहीतर फुटाळा, तोही काठावरून. असे असूनही एका दर्यावर्दी ‘सर’ने अलीकडे माझ्या मनात ठाण मांडले आहे.

त्याची ओळख करून दिली माझ्या भाच्याने. तो नोकरीनिमित्त लंडनला असतो. एका रविवारी फिरता फिरता शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर त्याला झाडीतला एक तिकोनी बुरूज दिसला. लगेच त्याचा फोन : “मामा, तुम्ही तर मराठीचे. सेव्हर्नड्रूग हा शब्द कुठला हो?” मी तो शब्द दोनदा मोठ्याने म्हणून पाहिला, आणि तिसऱ्यांदा त्यातून चक्क सुवर्णदुर्ग बाहेर आला! दापोली तालुक्यातल्या हर्णैच्या समुद्रातला आपला सुवर्णदुर्ग. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या १२ मराठा किल्ल्यांपैकी एक. तो लंडनच्या टेकडीवर जाऊन कसा बसला?

त्याला तिथे नेणारा माणूस म्हणजे विल्यम जेम्स. वेल्समधल्या मिलफर्ड हेवनजवळचा, गिरणीवाल्याचा पोर म्हणून सांगतात. त्याची पहिली बायको लंडनच्या धक्क्याजवळ गुत्ता चालवणारी विधवा होती, अशीही आठवण आहे. १७४७ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत शिरला आणि १७५१ मध्ये तिच्या मुंबईच्या आरमाराचा प्रमुख झाला. २ एप्रिल १७५५ रोजी ‘प्रोटेक्टर’ या ४४ तोफांच्या जहाजावरून त्याने सुवर्णदुर्गावर मारा सुरू केला. किल्ल्यातला दारूसाठा भडकला आणि लवकरच सुवर्णदुर्ग पडला. त्या एका विजयावर गिरणीवाल्याच्या मुलाचे नशीब उघडले. १७५९ मध्ये तो मायदेशी परतला, पुढे पार्लमेंटात गेला, कंपनीचा अध्यक्षही झाला. १७७८ मध्ये त्याला बॅरोनेट केले. बॅरोनेट म्हणजे बापाकडून मुलाकडे चालत जाणारी ‘सर’की, आमच्यासारखी वर्गाच्या दाराशी संपणारी नव्हे.

१७८३ मध्ये सर विल्यम वारला. त्याच्या मागे दुसरी पत्नी अ‍ॅन राहिली. ही बाई साधी नव्हे, आणि माझे मन सरांपेक्षा तिच्याकडेच ओढले जाते. ‘ट्रिस्ट्रॅम शँडी’चा लेखक लॉरेन्स स्टर्न हा तिचा स्नेही. १७६८ च्या मार्चमध्ये तो अंथरुणाला खिळला असता, मरणाच्या दोन-तीन दिवस आधी त्याने शेवटचे पत्र लिहिले ते हिला. काय मागितले? तर माझ्या मागे माझ्या मुलीला सांभाळा. मरता माणूस आपले मूल कोणाच्या ओटीत घालतो, यावरून त्या ओटीची परीक्षा होते.

या अ‍ॅनबाईने १७८४ मध्ये नवऱ्याच्या स्मरणार्थ ६३ फूट उंचीचा तो बुरूज बांधला. त्याला नाव दिले, ते नवऱ्याने जिंकलेल्या किल्ल्याचे. पुढे १७९२ मध्ये विशी गाठण्याआधीच तिचा मुलगा गेला आणि त्याच्याबरोबर जेम्स घराण्याची पदवीही संपली. पिढ्यान् पिढ्या चालायची ‘सर’की पुरती पंधरा वर्षेही टिकली नाही. बुरूज मात्र टिकला. २०१४ मध्ये डागडुजी होऊन तो लोकांसाठी खुला झाला. पदवी राजाने दिली ती गेली; बायकोने बांधले ते राहिले.

इथवर गोष्ट गोड आहे. परंतु ज्याचा किल्ला पडला त्यालाही घरदार होतेच की!

त्याचे नाव तुळाजी आंग्रे. बापाचे नाव कान्होजी. आज आपल्या नौदलाचा मुंबईतला तळ ‘आय. एन. एस. आंग्रे’ म्हणून ओळखला जातो, तो या कान्होजींच्या आठवणीने. ‘सरखेल’ ही आंग्र्यांची पदवी. म्हणजे आरमाराचे मुख्यपद. १७२९ मध्ये कान्होजी गेले आणि काही वर्षांतच भाऊ भावावर उठला. १७३५ मध्ये थोरल्या बाजीरावांनी वाटणी करून दिली : कुलाबा मानाजीला, दक्षिणेकडचा किनारा आणि सरखेली संभाजीला. संभाजीनंतर आलेल्या तुळाजीचे मानाजीशी पटेना आणि पेशव्यांशी त्याहून पटेना. शेवटी आपल्याच सरखेलाला बुडवण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. जेम्सची जहाजे हर्णैला आली ती या मसलतीने.

पुढल्या वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, विजयदुर्ग पडला. तुळाजी पेशव्यांच्या हाती लागला आणि कैदेतच मेला. किल्ल्यात त्याची म्हातारी आई, बायका आणि मुले सापडली. इंग्रज आरमाराचा सेनापती वॉटसन त्यांना भेटायला गेला. तो प्रसंग त्याच्या जहाजावरच्या आइव्हज नावाच्या डॉक्टराने लिहून ठेवला आहे. आम्हांला आता कोणी उरले नाही, असे बायका म्हणाल्या. वॉटसन म्हणाला, मला वडिलांच्या जागी समजा. तेव्हा सहा वर्षांचे एक पोर हुंदके देत पुढे झाले, त्याने वॉटसनचा हात धरला आणि त्याला बाबा म्हटले. वॉटसनच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. पुढल्याच वर्षी तो कलकत्त्याला वारला. त्याचा स्वतःचा मुलगा साधारण याच वयाचा होता. १७६० मध्ये, बापाच्या पराक्रमाबद्दल, त्या लहानग्याला बॅरोनेट करण्यात आले.

एका मुलाला बापामागे पदवी मिळाली. दुसऱ्याचा बाप जिवंत होता, पण आपल्याच माणसांच्या तुरुंगात. ते पोर ज्याच्या आश्रयाला गेले तो शत्रू होता, आणि ज्यांनी त्याला तिथवर नेऊन सोडले ते आपले होते. वर्गात बखरी शिकवताना मी लढायांच्या सनावळ्या भराभर सांगून टाकतो. या वाक्याशी मात्र माझा आवाज अडतो.

कोकणाकडे बोट दाखवायचा आम्हां नागपूरकरांना काही अधिकार नाही. त्याच १७५५ च्या फेब्रुवारीत आमचे रघूजीराजे भोसले वारले आणि जानोजी नि मुधोजी हे त्यांचे मुलगे वारशाचे भांडण घेऊन पेशव्यांच्याच दारी गेले. आणि राजेरजवाड्यांचे कशाला? महालातल्या आमच्या जुन्या घरात आजोबांच्या मागे वडील आणि काका यांच्या वाटण्या झाल्या नि चौकाच्या मधोमध छातीएवढी भिंत उभी राहिली. दोघे भाऊ अखेरपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. कशावरून बिनसले, हे आता घरात कोणाला सांगता येत नाही.

पण दर नरकचतुर्दशीला, पुरुषमंडळी अभ्यंगस्नानात गुंतली की, आई भिंतीवरून फराळाचे ताट पलीकडे देई आणि पलीकडून काकूचे ताट येई. दोघी काही बोलत नसत. ताट मात्र रिकामे परत जाऊ द्यायचे नाही, एवढा नेम. भिंत पडून आज किती वर्षे झाली! काकूच्या अनारशांची चव अजून आम्हां सगळ्या भावंडांच्या तोंडी आहे.