काळेवाडीहून मावळातल्या धरणांवर

वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळांचा मुलगा, पुतण्या नाहीतर जावई पिंपरी-चिंचवडला किंवा चाकणला कामाला आहे, आणि त्यांतल्या कितीएकांचे बिऱ्हाड काळेवाडीत आहे. सुगी आटोपली की तुम्ही आठ-पंधरा दिवस त्यांच्याकडे येता. नातवंडांची भेट होते, पण दोन खोल्यांत चार दिवसांनी जीव कोंडतो. मग शेजारीपाजारी मिळून कुठेतरी जाऊन यावे अशी टूम निघते. कोणी महाबळेश्वर म्हणतो, कोणी गोवा. अलीकडे पुण्यातल्या सहल कंपन्या माणसांना थेट इटलीतल्या कोमो आणि गार्डा सरोवरांवर नेतात. त्यांची जाहिरात पाहून एखादा नातू तेही सुचवून बघतो.

ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याने इटलीला जरूर जावे. गार्डाच्या काठी डोंगरउतारावर दगडी खांब आणि भिंती उभारून, थंडीत वरून झाकण घालून लिंबाच्या बागा राखल्या जात. शेतकऱ्याने पाहावे असे ते काम आहे. पण चाळीतली पाच-सहा बिऱ्हाडे, म्हातारी माणसे आणि लेकरे मिळून तीस माणसे निघायची असतील, तर मी काळेवाडीच्या पश्चिमेकडे बोट दाखवीन. पवना, वळवण, शिरोता, ठोकळवाडी, मुळशी अशी जलाशयांची ओळच तिकडे आहे. इटलीतली सरोवरे प्राचीन हिमनद्यांनी कोरलेली, आपली माणसाने नद्या अडवून केलेली, एवढा फरक. आपण कौतुकाने तळे म्हणतो, मावळातला माणूस मात्र धरणच म्हणतो. तसे तो का म्हणतो, ते पुढे येईलच.

आता बेत कसा करावा ते पाहू. बहुतेक मंडळी आधी गाडी ठरवतात आणि मग मुक्काम शोधत फिरतात. माझ्या मते हे उलटे आहे. आधी मुक्काम ठरवावा, आणि तोही एकच. दोन रात्रींच्या सहलीत दोन ठिकाणी उतरायचे म्हटले की निम्मा वेळ वळकट्या बांधण्यात आणि सोडण्यात जातो. पवनेच्या काठी एका जागी बिऱ्हाड करावे आणि तिथून हवे तिकडे जाऊन यावे.

पवनेच्या काठी ठाकूरसाई, गेव्हंडे, तुंग, तिकोनापेठ या बाजूंना हल्ली राहण्याची सोय पुष्कळ झाली आहे. तंबू फार. पाण्याच्या कडेला रंगीत तंबूंची रांग, शेकोटी आणि रात्री मोठ्याने गाणी. तरुणांना ते आवडते, आवडू द्या. पण तुमच्याबरोबर साठीच्या पुढची चार माणसे असतील तर तंबूच्या वाटेला जाऊ नका. खाली वाकून आत शिरायचे, जमिनीवर निजायचे, आणि रात्री उठावे लागले तर अंधारात लांबच्या संडासापर्यंत चालायचे. गुडघेदुखीच्या माणसाला सहलीची शिक्षाच ती. पहाटे काठावर दहिवर पडते आणि पाण्यावरून गार वारा येतो, तो वेगळाच.

त्यापेक्षा शेतकऱ्याच्या घरी उतरावे. राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण आणले. त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी झालेली केंद्रे आहेत, आणि नोंदणी नसली तरी घरचे दोन-तीन खण पाहुण्यांना देणारी कुटुंबेही आहेत. ठरवण्याआधी दोघा जाणत्यांनी, त्यांत एक बाई असावी, सुटीच्या दिवशी प्रत्यक्ष जाऊन जागा पाहून यावी. फोनवरचे फोटो पाहून पैसे पाठवू नयेत. जाऊन काय पाहायचे? संडास किती आणि पाणी कुठून येते. बायकांची निजण्याची सोय निराळी होते का. पाण्यापासून घर किती दूर, आणि काठाला कुंपण आहे की पोर सरळ पाण्यात जाईल. गाडी दारापर्यंत येते का. वीज गेली तर काय. जेवण ताटावर की माणशी दोन दिवसांचे मिळून. हे सगळे कागदावर लिहून घ्यावे, विसार द्यावा आणि पावती घ्यावी. कारखान्यात काम करणाऱ्या पोरांना पावतीचे महत्त्व सांगावे लागत नाही, आपल्याला मात्र सांगावे लागते.

शनिवार-रविवारी लोणावळ्याकडचा रस्ता तुंबतो आणि काठावर जत्रा भरते. काही कारखान्यांना साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. तुमच्या मुलाची तशी असेल तर तिला एक-दोन रजा जोडून आठवड्याच्या मधले दिवस धरा. गर्दी कमी, आणि यजमानालाही तुमच्याकडे बघायला फुरसत. हंगाम म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. धरण भरलेले असते, चिखल वाळलेला असतो, आणि खाचरांत भाताची झोडणी नाहीतर मागचा हरभरा, मसूर दिसतो.

गाडीचे तीन मार्ग आहेत. दहा-बारा धडधाकट माणसे असतील तर गाडी करूच नका. काळेवाडीहून पूल ओलांडला की पिंपरी, थोडे पुढे चिंचवड. दोन्ही ठिकाणी पुणे-लोणावळा लोकल थांबते. कामशेतला उतरावे, तिथून पवनानगरला एसटी किंवा जीप मिळते. लोकलच्या फेऱ्यांत दुपारी बरेच अंतर असते, म्हणून सकाळचीच गाडी धरावी. एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, हेही हिशेबात घ्या.

तीस माणसे आणि सामान असेल तर दुसरा मार्ग म्हणजे एसटीची गाडी प्रासंगिक करारावर घेणे. आगारात अर्ज द्यावा, किलोमीटर आणि वेळ आधीच सांगावी. चालक खात्रीचा मिळतो. पण मोठी गाडी पवनानगरपर्यंत ठीक. त्यापुढे काठाकाठाने जाणारे रस्ते अरुंद, आणि दुधिवरे खिंडीतून लोहगडवाडीला चढणारा रस्ता तर मोठ्या गाडीचा नव्हेच. म्हणून तिसरा मार्ग मला बरा वाटतो. सतरा-सतरा आसनांच्या दोन लहान गाड्या कराव्यात. एक मंडळींना घेऊन गडाकडे जाईल, दुसरी म्हाताऱ्या माणसांपाशी राहील, आणि रात्री-अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचे झाले तर दारात वाहन असेल. भाड्याच्या गाडीची नंबरपाटी पिवळी असते, ती पाहा, परवाना आणि विमा विचारा. ओळखीचा मालवाहू टेम्पो स्वस्तात मिळतो म्हणून माणसे हौद्यात बसवून नेऊ नका. कायद्याने ते चालत नाहीच, आणि घाटात जीवावर बेतते. चालकाच्या जेवणाची आणि निजण्याची सोय आधी करा. रात्रभर आसनावर अवघडलेला चालक सकाळी तीस माणसांना घेऊन घाट उतरणार असतो, हे ध्यानात असू द्या.

वर्गणी निघण्याआधी जमा करावी. लहान मुलांची निम्मी धरावी आणि एकूण खर्चाच्या दहावा हिस्सा वर ठेवावा. खजिनदार गोड बोलणारा नको, वहीत लिहिणारा हवा.

काळेवाडीहून रावेतवरून जुन्या मुंबई रस्त्याला लागलात की देहूरोड, सोमाटणे, वडगाव आणि मग कामशेत. तिथे डावीकडे वळले की पवनानगर, एकूण सुमारे ४० किलोमीटर. धरणाची भिंत दिसते आणि मागे तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर असे चार गड पाण्याभोवती उभे. लोहगड २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. त्याला पायऱ्या आहेत, बेताने चढले तर पन्नाशीचा माणूसही वर जातो. तिकोना तरुणांनी करावा. थकलेल्या मंडळींनी दुधिवरे इथल्या प्रतिपंढरपूरच्या मंदिरात गाडीने जावे आणि मग ओटीवर बसून पाणी पाहावे.

ते पाणी पाहताना एक गोष्ट ठाऊक असावी. काळेवाडीत सुनेने ज्या नळाखाली हंडा धरला, त्या नळाचे पाणी इथलेच. धरणातून ते पवना नदीत सोडतात आणि रावेतच्या बंधाऱ्यावर उचलून, शुद्ध करून शहराला देतात. सत्तरच्या दशकाच्या आरंभी हे धरण झाले, तेव्हा काठच्या गावांची भाताची खाचरे बुडाली. शेकडो खातेदारांचे पुनर्वसन पुढे कित्येक दशके रखडले. धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याच्या योजनेला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलिसांचा गोळीबार झाला आणि तीन शेतकरी प्राणास मुकले, त्यांत एक बाई होती. यजमानाच्या घरी हा विषय निघाला तर मुकाट्याने ऐकावे. ज्याची जमीन पाण्याखाली गेली त्याच्याच पडवीत आपण पाण्याची शोभा पाहायला बसलेलो असतो. मी मुक्कामासाठी शेतकऱ्याचे घर सुचवले त्यात सोयीइतकेच हेही कारण आहे. आपला पैसा बाहेरून आलेल्या तंबूवाल्यापेक्षा त्या घरात गेलेला बरा.

पाण्यात उतरण्याविषयी मात्र मी कडक आहे. कोणी उतरू नये, पोहता येणाऱ्यानेही नाही. पवनेत बुडून माणसे दगावल्याच्या बातम्या वरचेवर येतात. नदीचा डोह असतो तसा हा तळ नाही. खाली जुनी खाचरे आहेत, बांध आहेत, विहिरी आहेत आणि वर गाळ बसला आहे. चार पावले गुडघाभर पाणी आणि पाचव्या पावलाला पाय लागत नाही. विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला इथे फाजील विश्वास नडतो. होडीत बसायचे तर अंगात जीवरक्षक जाकीट असेल तरच, आणि पोरांना ते बांधूनच. पावसाळ्यात मोठ्या जथ्याने या बाजूला येऊच नये. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीसह कोसळला आणि चौघे गेले. दोन्ही वेळी माणसे आपल्यासारखीच सुटीला आलेली होती.

दुसऱ्या दिवशीचे जेवण सांगून ठेवा, इंद्रायणीचा भात. हा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातला, १९८७ साली प्रसारित झालेला, आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून आलेला. आंबेमोहोराचा वास त्याने राखला आणि उत्पन्न वाढवले. नवा तांदूळ चिकट होतो, त्याला पाणी कमी घालावे, हे यजमानीणबाई सांगतीलच. निघताना तांदूळ विकत घ्यावा, पण वर्षाचा जुना आहे का ते विचारून. जानेवारीत गेलात तर मावळातल्या हरितगृहांतली गुलाबाची तोडणी पाहायला मिळेल. १४ फेब्रुवारीच्या बाजारासाठी इथली फुले परदेशी जातात. फूल उमलण्याआधी, कळी घट्ट असतानाच कापतात आणि लगेच शीतगृहात नेतात. मालकाला विचारल्याशिवाय आत जाऊ नका, बाहेरच्या पायांनी रोग आत जातो.

तिसऱ्या दिवशी आल्या वाटेने परत फिरू नका. तिकोनापेठेवरून जवण, कोळवण असे करत रस्ता पौडला निघतो. अर्धा दिवस हाती असेल तर तिथून मुळशीचे धरण पाहून या. टाटांच्या या धरणाला मावळ्यांनी १९२१ पासून सत्याग्रहाने विरोध केला. तिथेच पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले. लढा १९२४ पर्यंत चालला, पण धरण झाले, आणि १९२७ पासून त्याचे पाणी सह्याद्रीपलीकडे भिऱ्याला उतरून वीज देते. लोणावळ्याकडच्या वळवण आणि शिरोत्याचे पाणीही असेच खोपोलीच्या वीजघराला जाते. लोणावळा मी मुद्दामच यादीत घेतला नाही. चिक्की काळेवाडीतही मिळते.

पौडहून पिरंगुट, पुढे हिंजवडी, वाकड आणि काळेवाडी. फक्त हिंजवडी संध्याकाळी पाचच्या आत ओलांडा. तिथली कार्यालये सुटली की दोन-दोन तास गाडी हलत नाही, आणि मंडळींपैकी कोणाची तरी रात्रपाळी असतेच.