घडीचा पडदा

मराठीत ‘आडपडदा’ या शब्दास फारशी प्रतिष्ठा उरलेली नाही. जो आडपडदा न ठेवता बोलतो तो मनाचा निर्मळ, आणि जो ठेवतो त्याच्या पोटात काही काळेबेरे असलेच पाहिजे, असे आपण सर्वजण धरून चालतो. या समजुतीत तथ्य नाही असे आमचे म्हणणे नाही. परंतु आडोसा करणे निराळे व फसवणे निराळे, एवढा भेद तरी राखावयास हवा. आणि तो आम्हांस विशेष जाणवला तो परदेशातील एका जुन्या पडद्यापाशी.

पॅरिसच्या उत्तर सीमेवर सेंतुआँ येथे जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो. तेथे हिंडत असता एका दुकानात हा पडदा उभा असलेला दिसला. चार उंच लाकडी चौकटी, त्यांवर ताणून खिळलेले कापड, चौकटींस एकमेकींशी जोडणाऱ्या बिजागऱ्या, आणि प्रत्येक चौकटीवर फिकट निळ्या भूमीवर हाताने रंगविलेली एकेक नर्तकी. आकृतींचा रंग केवळ करडा. परंतु त्याच्याच कमीअधिक छटांनी असा उठाव साधला होता की, चार पावलांवरून पाहणारास ते दगडातील कोरीव काम वाटावे. प्राचीन ग्रीक व रोमन कलेस आदर्श मानणाऱ्या नव-अभिजात पंथाच्या कारागिरांची ही आवडती युक्ती होय. पडदा सुमारे दोनशे वर्षांचा असावा, असे दुकानदार म्हणाला.

या नर्तकींचे कुळ आम्हांस ओळखीचे वाटले. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस पर्वताच्या स्फोटात हर्क्युलेनियम व पाँपेई ही नगरे गाडली गेली. हर्क्युलेनियमचे रीतसर उत्खनन १७३८ मध्ये व पाँपेईचे १७४८ मध्ये सुरू झाले. आणि १७४९ साली पाँपेईतील, सिसरोचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका वाड्यात, काळ्या भूमीवर अधांतरी तरंगणाऱ्या नर्तकींची चित्रे सापडली. नेपल्सचा राजा चार्ल्स याने ती भिंतीतून कापवून आपल्या संग्रहात नेली. पाहावयास येणारांस तेथे रेखाटने करण्याची मनाई असे. पुढे १७५७ पासून राजाज्ञेने या चित्रांचे ग्रंथ छापले जाऊ लागले; तेही प्रथम विकत मिळत नसत, राजाच्या मर्जीतल्यांस भेट म्हणून जात. परंतु इतका बंदोबस्त करूनही नर्तकी कोंडून राहिल्या नाहीत. इंग्लंडात वेजवुडच्या मातीकामावर त्या उमटल्या, आणि युरोपभरच्या दिवाणखान्यांत शिरल्या. भिंतीवरून निघून ग्रंथात व ग्रंथातून पुन्हा भिंतीवर, असा त्यांचा प्रवास झाला. आमच्या पडद्यावर त्यांस जी भिंत लाभली होती, ती मात्र घडी घालून उचलून नेता येण्यासारखी होती.

अशा भिंतीची त्या घरांस गरजही होती. फ्रेंच भाषेत या पडद्यास जो शब्द आहे त्याचा अर्थ वारा अडविणारा असा आहे. जपानी भाषेतील शब्दाचाही अर्थ जवळजवळ तोच. मोठ्या वाड्यांतून एका दालनातून दुसऱ्यात वाट असे, शेकोटीपाशी बसले तरी पाठीस गार वारा लागे, आणि वस्त्रे बदलावयाची तरी आडोसा लागे. शेरिडनच्या १७७७ सालच्या ‘स्कूल फॉर स्कँडल’ या नाटकात एक तरुण स्त्री नकाशे चिकटविलेल्या अशाच एका पडद्यामागे लपते. पडदा आडवा पडतो, आणि तिच्या नवऱ्यासमोर सारेच उघडे होते. प्रेक्षक त्या क्षणी हसतात खरे. पण त्या हसण्यात त्या स्त्रीबद्दल कणव मुळीच नसते असे आम्हांस वाटत नाही.

दुकानातल्या पडद्याच्या कडेच्या दोन चौकटींचा निळा रंग उडून राखेसारखा झाला होता. मधल्या दोहोंचा अद्याप ताजा होता. कारण उघड आहे. पडदा मिटला म्हणजे मधल्या दोन चौकटी समोरासमोर येतात व त्यांस उजेड लागत नाही. कडेच्या मात्र बाहेर तोंड करून उन्हात राहतात. पाँपेईच्या चित्रांचेही असेच झाले. सोळाशेहून अधिक वर्षे राखेखाली जे रंग टिकले, त्यांतील कित्येक बाहेर उजेडवाऱ्यात आल्यावर फिके पडत गेले. झाकणे म्हणजे राखणे, हा अर्थ येथे डोळ्यांनी वाचता येत होता.

दुकानदाराचा बेत मात्र निराळा होता. अखंड पडद्यास गिऱ्हाईक मिळत नाही, कारण हल्लीच्या लहान घरांत तो उभा करावयाचा कोठे? तेव्हा बिजागऱ्या काढून चार स्वतंत्र चित्रे भिंतीवर टांगण्यासाठी विकावीत. त्यांत पैसेही अधिक. व्यवहार म्हणून हे बरोबर आहे, आणि चित्रे त्यामुळे अधिक नीट दिसतील हेही खरे. तरी आमचे मन घेईना.

याचे कारण कलेत नाही. आमचे वडील शेवटच्या आजारात पुण्याच्या एका इस्पितळात सामायिक दालनात होते. दोन्ही बाजूंस खाटा, येणारे-जाणारे, भांड्यांचे आवाज. अखेरच्या रात्री परिचारिकेने चाकांवरचा एक हिरव्या कापडाचा पडदा ढकलीत आणला आणि खाटेभोवती उभा केला. कापड विटलेले होते, एक चाक कुरकुरत होते. पण त्याच्या आत आम्ही वडिलांचा हात धरून बसू शकलो, आणि आईस मोकळेपणी रडता आले. त्या रात्री तेवढेच आमचे घर होते. त्या पडद्यावर चित्र नव्हते. परंतु त्याचे काम व या नर्तकींच्या पडद्याचे काम एकच.

म्हणून दुकानदारास आम्ही एवढेच म्हणालो की, शक्य तर बिजागऱ्या काढू नका. तो हसून म्हणाला, “मग आपणच सबंध न्या.” तेवढी आमची ऐपत नव्हती, आणि त्याचेही पोट त्या दुकानावर; त्यास दोष कसा द्यावा? चार चित्रे झाली तर चार घरांस शोभा येईल, आणि पाहणारे नर्तकींची वाखाणणीही करतील. मात्र त्यांच्यामागे पुन्हा कोणास निवांत बसता येणार नाही.