बरक्याहून निमरला

आमच्या बरक्यात पाणी समुद्राचं. किनाऱ्यावरच्या प्रकल्पात खारं पाणी गोडं करतात आणि तेच घरोघरी नळाला येतं. पाहुणे आले की आम्ही किल्ला दाखवतो, हिवाळ्यात बैलांची टक्कर दाखवतो आणि मासळीबाजारातून सुरमई आणतो. त्यामुळे डिसेंबरच्या सुट्टीत सलालाला जाताना ह्यांनी "वाटेत तुला एक सांडपाण्याचा प्रकल्प दाखवतो" म्हटलं, तेव्हा मी कपाळावर हात मारला.

निमर बरक्यापासून सहाशे किलोमीटरांहून जास्त दूर. हैमानंतर तर झाड म्हणून दिसत नाही. ह्यांच्या ओळखीने परवानगी मिळाली होती. फाटकाशी क्रूडचा उग्र वास आला, मुलीने नाक दाबलं. टेकाडावर चढलो आणि समोर हिरवंगार! वाळवंटात शेकडो हेक्टर बोरू, डोक्याहून उंच. आजोबा ज्या बोरूने कित्ता गिरवत, त्याच्याच जातकुळीतला.

निमरच्या विहिरींत एक पिंप तेलामागे साधारण दहा पिंपं पाणी वर येतं. खारट, तेलकट. पूर्वी ते मोठाल्या पंपांनी खोल जमिनीत ढकलावं लागे, त्याला वीज भरपूर लागायची. २०१०च्या अखेरीपासून इथे ते बोरूच्या वाफ्यांत सोडतात. आता रोज एक लाख घनमीटरांहून जास्त. वरचं सुटं तेल आधी काढून घेतात. मग पाणी उतारावरून एका पायरीवरून दुसरीवर आपसूक वाहतं. उरलेलं तेल खातात ते जिवाणू, मुळांना नि देठांना चिकटून राहणारे. बोरू त्यांना घर देतो आणि मुळांवाटे थोडी हवाही. शेवटी पाणी उथळ तळ्यांत उन्हाने आटतं, मीठ मागे राहतं. तिथे लांब लाल पायांचे शेकाटे निवांत चरत होते.

माझ्या डोळ्यांपुढे मात्र माहेरची खाडी. वरच्या अंगाला रासायनिक कारखाने आले आणि एका पावसाळ्यात मेलेल्या माशांचा खच काठाला लागला. वडिलांनी त्यानंतर जाळं बाहेर काढलं नाही. मी तिथल्या इंजिनियरना विचारलं, "आमच्याकडे असा बोरू लावला तर?"

माणूस सरळ होता. म्हणाला, "ताई, क्रूड हे निसर्गातलंच. ते खाणारे जिवाणू पूर्वापार आहेत. रंग-औषधांच्या कारखान्यातली काही रसायनं त्यांना ओळखीचीच नसतात, काही तर त्यांना मारतात. शिवाय आज एक माल, उद्या दुसरा. ते पाणी कारखान्यातच वेगळं काढून आधी मोडावं लागतं, ओझोनने वगैरे. मग जिवाणूंचं काम. आणि इतकी जागा कोकणात कुठून आणणार?"

वीस वर्षं आम्ही "खाडी साफ करा" म्हणत होतो. कारखान्याच्या आतल्या नळाबद्दल कुणी विचारलंच नव्हतं, मी शाळेत विज्ञान शिकवत असूनही.

परतल्यावर आईला बोरूचे फोटो पाठवले. लगेच फोन आला. पक्षी कुठले, वास येतो का, सगळं विचारून झालं. मग म्हणाली, "परवा आपल्याकडे पुन्हा फेस आला होता गं."