तांबडो

आमच्या कुडाळच्या घरी मागीलदारी दहाबारा गावठी कोंबड्या आणि त्यांच्यात एक कोंबडा नेहमीच असायचा. किती आले, किती गेले. घरादाराच्या लक्षात राहिला तो एकच, आजी ज्याला 'तांबडो' म्हणायची. पिल्लू होता तोवर तळहातावरच्या कण्या खायचा. ५-६ महिन्यांचा झाला, तुरा लालभडक झाला, आरवायला लागला आणि स्वभाव पार पालटला. विहिरीवर जाणारा असो की धुणं वाळत घालणारी काकी, कुणाची पोटरी तो सोडीना.

तो कधी न सांगता अंगावर आला नाही. आधी एक पंख जमिनीला घासत तिरका तिरका चाले. मान खाली, मानेची पिसं छत्रीसारखी उघडलेली. मग दोन्ही पाय पुढे करून झेप. चोचीचं काही नाही, पायामागचा काटा वाईट. काकीच्या पोटरीवर तो एकदा चांगला खोल ओढला गेला, तेव्हा यंदा राखणीला, म्हणजे राखणदाराला बळी म्हणून, हाच द्यायचा असं काकांनी ठरवून टाकलं.

आजी आडवी आली. तो कोंबड्या राखतोय, माणसांशी त्याचं वैर नाही, असं तिचं म्हणणं. ते खरंच होतं. किडा सापडला की स्वतः न गिळता कुट्कुट् करत उचलून खाली टाकायचा, माद्या धावत यायच्या. घार दिसली की एकच लांब किंकाळी, की सगळा कळप करवंदीच्या जाळीत. मुंगूस आलं तर ओरडणं वेगळं, तुटक आणि न थांबणारं. तेव्हा कोंबड्या लपत नसत, माना उंच करून उभ्या राहत. ऐकून ऐकून आम्हा मुलांनाही त्यातला फरक कळू लागला.

आजीने त्याला काठी कधी लावली नाही. काठी उगारली की त्याला ती झुंज वाटते, आणि लाथ खाल्लेला कोंबडा दुसऱ्या दिवशी जास्तच चवताळतो. "पळू नको रे, पळलंस तर तो पाठी लागतलो," असं ती आम्हाला बजावायची. स्वतः सावकाश त्याच्याकडे जायची, पंख दाबून काखेत घ्यायची आणि तसाच घेऊन माडांना पाणी सोडायची. आधी तो तडफडे, मग अंग सैल सोडे. रात्री खुराड्यात कोंबडा गरीब असतो, अंधारात त्याला फारसं दिसत नाही. त्या वेळी काकांनी धरायचं आणि आजीने कानशीने काट्याचं टोक बोथट करायचं. टोक तेवढंच, आत हाड असतं, रक्त असतं.

पावसाळा सरेपर्यंत तो आजीला आणि काकीला वाट द्यायला लागला. परक्यांना त्याने कधीच दिली नाही. लहान मुलाचं तोंड नेमकं त्याच्या झेपेच्या उंचीवर येतं, म्हणून पोरांना एकटं मागीलदारी सोडायचं नाही, हा नियम आजीने शेवटपर्यंत पाळला. आणखी एक केलं. खुडूक कोंबडी रवणीला बसली की तिच्याखाली शेजारची अंडी ठेवली. असला स्वभाव रक्तातून उतरतो, असं तिचं ठाम मत होतं आणि मलाही ते पटतं.

तांबडो मानमोडीच्या रोगात गेला. त्याच्यामागून आलेला कोंबडा अगदी गरीब, कुणाला चोच लावली नाही. त्या वर्षी २१ दिवसांनी रवण फुटली, आणि निम्मी पिल्लं मुंगसाने नेली.