सावकाश मिटणारी झडप

१/ एक मीटर व्यासाची जलवाहिनी आणि तीत ५० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब कल्पून पाहा. तिची झडप पूर्ण मिटली की तबकडीवर सुमारे ३९ टन भार येतो. तरीही एकटा माणूस हातचाक फिरवून ती मिटवू शकतो. मला या क्षमतेचा इतिहास राजवंशांच्या इतिहासाइतकाच मोलाचा वाटतो.

२/ झडप आणि हातचाक यांच्यामध्ये दंतचक्रांची पेटी असते; तिला गिअर ऑपरेटर म्हणतात. तिच्यात मळसूत्री आटे असलेला दांडा दंतचक्रात गुंतलेला असतो. चाकाला ४० दाते आणि दांड्याला एकेरी आटा असेल, तर दांड्याच्या ४० फेऱ्यांत चाकाचा एक फेरा होतो. पाव फेऱ्यात मिटणाऱ्या झडपेला १० फेरे लागतात. घर्षणात जाणारा वाटा वगळता जोर ४० पट होतो. आट्यांचा कल पुरेसा कमी असल्यास चाक उलट दांड्याला फिरवू शकत नाही. हात काढला तरी पाणी झडप ढकलत नाही.

३/ ही युक्ती प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने दंतचक्रांच्या साखळीने ५ टॅलेंट जोरात १००० टॅलेंट वजन हलवण्याचे यंत्र वर्णिले. त्याचा यंत्रशास्त्रावरील ग्रंथ टिकला तो कुस्ता इब्न लूकाच्या ९व्या शतकातील अरबी भाषांतरामुळे. जोर जितक्या पटीने वाचतो तितक्या पटीने वेळ अधिक लागतो, हेही हेरॉनने त्यात नोंदवले आहे.

४/ हा विलंब म्हणजे यंत्राने घेतलेली किंमत, असेच कोणालाही वाटेल. १९व्या शतकाच्या अखेरीस मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर निकोलाय झुकोव्स्की यांनी केलेल्या प्रयोगांनी त्याची दुसरी बाजू दाखवली. वाहते पाणी एकाएकी अडवले की दाबाची लाट लोखंडी नळातून सेकंदाला सुमारे एक किलोमीटर वेगाने मागे धावते. सेकंदाला एक मीटर हा वेग अचानक थांबला, तर दाब सुमारे १०० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका वाढतो. भक्कम नळही त्याने फुटतात. त्यावर एक उपाय असा : लाट नळाच्या टोकापर्यंत जाऊन परतेल, त्याहून बराच अधिक वेळ घेऊन झडप मिटवावी.

५/ म्हणजे हेरॉनचा विलंब येथे संरक्षण ठरतो. दंतचक्रे माणसाला बळ देतात आणि त्याच वेळी घाई करू देत नाहीत.

६/ मुंबईत वस्तीला पाणी सोडणाऱ्या पालिका कर्मचाऱ्याला लोक ‘चावीवाला’ म्हणतात. एकदा मी त्याला रस्त्यातल्या झडपेची लांब चावी फिरवताना पाहिले. भोवती हंडे घेऊन माणसे ताटकळली होती, तो मात्र एकाच लयीत फेरे घेत होता. तेव्हा तो मला केवळ संथ वाटला. झुकोव्स्की वाचल्यावर त्या लयीचे कारण कळले. युद्धे आणि सत्तांतरे यांचा अभ्यास करणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांना घाईचा इतिहास तोंडपाठ असतो. शहर टिकवून धरणाऱ्या या संथ हातांचा इतिहास मात्र अजून फारसा लिहिला गेलेला नाही.