गावातली बैठक

दसरा शनिवार-रविवारला लागून आला की आमच्याकडची माणसं महाबळेश्वर गाठतात, गणपतीपुळ्याला जातात, नाहीतर थेट गोव्याला निघतात. मला अशा सुट्टीत मिरजेला जायला आवडतं. मिरजेत डोंगर नाही, समुद्र नाही, फोटो काढावेत असं ठिकाणही सहसा कुणी सांगत नाही. पण नवरात्रात तिथं अंबाबाईच्या देवळात रोज रात्री गाणं असतं. कित्येक दशकं हा शिरस्ता चालू आहे. तेवढ्यासाठी जायचं.

तिकीट नाही, पास नाही. चपला काढायच्या, देवीला हात जोडायचे आणि सतरंजीवर जागा धरायची. शेजारी एखाद्या आजीबाई मांडीवर पेंगुळलेलं नातवंड घेऊन बसलेल्या असतात. पलीकडे कुणी दुकान वाढवून तसाच आलेला असतो. आजींना रागाचं नाव विचारलं तर कदाचित सांगता येणार नाही, पण गवयाचा षड्ज नेमका लागला की त्यांची मान आपसूक हलते. शेकडो रात्री ऐकून ऐकून तयार झालेला तो कान आहे. असा कान असलेल्या माणसांत बसून ऐकताना आपलंही ऐकणं सुधारतं, हा माझा अनुभव आहे.

मिरजेला हे कुठून आलं? पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता, हे खरंच. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथं शिकवत होते आणि विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याकडे इथंच शिकले. विनायकबुवा पटवर्धन आणि हिराबाई बडोदेकर या दोघांचा जन्म मिरजेचा. पण मला वाटतं, रेल्वे आणि दवाखाना यांचंही श्रेय मोठं आहे. मिरज जंक्शनात एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते. धारवाड-हुबळीकडचा गवई पुण्या-मुंबईला निघाला की मिरज वाटेतच. आणि डॉ. वानलेस यांच्या मिशन दवाखान्याचं नाव दूरवर झालेलं. नारायण राजहंस या मुलाच्या कानावर इलाज व्हावा म्हणून शाहू महाराजांनी त्याला मिरजेलाच पाठवलं होतं. 1905 साली तो मिरजेतच किर्लोस्कर मंडळीच्या रंगमंचावर उभा राहिला आणि पुढं सारा महाराष्ट्र त्याला बालगंधर्व म्हणून ओळखू लागला. गाडी बदलायला उतरलेला, दुखणं घेऊन आलेला कलावंत चार दिवस राहणार, आणि राहिला की त्याची बैठक होणार. गावाला गाणं ऐकायची सवय अशी लागत गेली असावी.

किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब तर इथलेच होऊन गेले. 1937 साली दक्षिणेत पाँडिचेरीच्या वाटेवर एका रेल्वे स्टेशनात त्यांचं देहावसान झालं आणि त्यांना मिरजेला आणून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. त्या दर्ग्यात ते हजेरी लावायचे. आजही उरुसात गवई-वादक तिथं येऊन गातात, वाजवतात आणि मानधनाची बोली करत नाहीत. त्याच उरुसात पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. देवळात नवरात्र, दर्ग्यात उरूस. दोन्हीकडे गाणारे तेच, तबलजी तेच, ऐकणारेही पुष्कळसे तेच. मिरजेत याचं कुणाला नवल वाटत नाही आणि याच गोष्टीसाठी मला मिरजेबद्दल अतोनात आदर आहे.

दिवसा वेळ मोकळा असतो. तेव्हा सतारमेकर गल्लीत जावं. फरीदसाहेब हे मूळचे शिकलगार, हत्यारं घडवणाऱ्या घरातले. एकोणिसाव्या शतकात हत्यारांची मागणी ओसरली तेव्हा ते तंतुवाद्यांकडे वळले आणि त्यांच्यापासून इथं तंबोरे-सतारींचा धंदा उभा राहिला. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानात शिरलं की वर आढ्याला भोपळे टांगलेले दिसतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले, वाळून खडखडीत झालेले. हे खाण्याचे भोपळे नव्हेत. जाड सालीचे, कडू, खास वाद्यांसाठी पिकवलेले. खाली भुश्शात बसून कुणी नक्षी कोरत असतं, कुणी दांडीला पॉलिश देत असतं. पुरुषांच्या आवाजासाठी मोठा मर्दानी तंबोरा, बायकांच्या आवाजासाठी लहान जनानी.

त्यातलं जवारी काढण्याचं काम मी कितीही वेळ पाहत बसू शकतो. तारा जिच्यावरून जातात ती घोडी. तिचा माथा सपाट दिसतो, पण तो किंचित कललेला असावा लागतो. कारागीर कानस एकदा-दोनदा फिरवतो, तार चढवतो, छेडतो आणि डोळे मिटून ऐकतो. पुन्हा तार उतरवतो, पुन्हा कानस. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवतो, केसाएवढा पुढं, केसाएवढा मागं. आधी तारेचा आवाज कोरडा, ठण्ण असा येत असतो. दोरा नेमक्या जागी आला की तोच आवाज उमलतो. एका तारेतून वरचे कितीतरी स्वर झिरपायला लागतात. सा-पंचमात न छेडलेला गंधार ऐकू येतो. पट्टी नाही, यंत्र नाही, सगळं कानावर. असं काम करणाऱ्या कित्येकांना गायला येत नाही. पण त्यांचा कान नसता तर आपल्याकडच्या एकाही गवयाला गाता आलं नसतं.

आणि रात्री तेच कारागीर देवळात येऊन बसतात. रंगमंचावर जो तंबोरा वाजतोय तो आपल्या घरातून गेलाय हे त्यांना ठाऊक असतं. घडवणारा, वाजवणारा, गाणारा आणि ऐकणारा एकाच छताखाली, एकमेकांना ओळखणारे. मोठ्या शहरातल्या मोठ्या महोत्सवात दिग्गजांना ऐकायला मिळतं, त्याचं मोल आहेच. पण तिथं आपण हजारोंतले एक असतो, पडद्यावर गायकाचा चेहरा बघत असतो. गावच्या बैठकीत तबलजी हातोडीनं गठ्ठे ठोकून तबला सुरात आणतोय आणि गायिका त्याच्यासाठी थांबली आहे, हे चार हातांवरून दिसतं. मैफल तिथूनच सुरू होते.

एका रात्री नामवंत कलाकाराच्या आधी परिसरातल्याच एक बाई गायला बसल्या. दिवसा नोकरी, संध्याकाळी शिकवण्या. त्यांनी शुद्ध कल्याण घेतला. मंद्रातून अगदी सावकाश, किराणा घराण्याच्या रीतीनं एकेक स्वर पारखत. मंडपात आधी कुजबूज होती, पोरं इकडून तिकडे पळत होती. हार्मोनियमवाल्यानं त्यांच्या प्रत्येक जागेमागे सावलीसारखी साथ धरली. कुठं पुढं जाणं नाही, कुठं दाखवणं नाही. वीसेक मिनिटांनी त्या तार षड्जाला पोचल्या आणि तिथं थांबल्या, तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्यानं ‘वा!’ म्हणालं. ती दाद बाईंनी नेहमीच्या ओळखीच्या माणसाला हसावं तशी हसून घेतली. मला त्या रात्रीचं मुख्य गाणंही आवडलं होतं. पण वर्षभर मनात राहिला तो बाईंचा शुद्ध कल्याण.

अशी माणसं प्रत्येक तालुक्याच्या गावात आहेत. शाळेतला संगीत शिक्षक, भजनी मंडळातला पखवाजी, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा. ‘पिंजरा’चे संगीतकार राम कदम मिरजेतल्या अशाच बँडमधून पुढे गेले. गावानं ऐकलं नाही तर ही माणसं वाजवणं सोडतात. वेगळं काही कारण लागत नाही. समोर माणसं बसली की रियाज टिकतो आणि रियाज टिकला की शिकायला येणाऱ्या पोराला गुरू मिळतो. देणगीपेक्षाही आपलं समोर येऊन बसणं त्यांना जास्त हवं असतं.

म्हणून सांगावंसं वाटतं, पुढच्या जोडून आलेल्या सुट्टीत एक रात्र आपल्या गावच्या गाण्यासाठी राखून ठेवा. मिरजेला आलात तर उत्तमच, पण तुमच्याही गावात देवळात, वाचनालयात, एखाद्या वाड्याच्या चौकात काहीतरी चालू असेलच. पोरांना सोबत न्या. पुढं बसा, फोन खिशात ठेवा आणि भैरवी होईपर्यंत उठू नका. मुख्य गायकाभोवती गर्दी होतेच. तुम्ही जाऊन तबलजीला आणि हार्मोनियमवाल्याला भेटा, आणि पुढची बैठक कधी आहे ते त्यांनाच विचारा.