जिनिंगच्या शेडमध्ये गिटार

अमरावतीचा भाचा ड्रम वाजवतो. काल फोनवर म्हणाला, "मामा, आमाले वाजवाले जागाच नाई." तेव्हापासून गिल्मन स्ट्रीट डोक्यातून जात नाही.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात, ९२४ गिल्मन स्ट्रीटवरच्या गोदामात ३१ डिसेंबर १९८६ला पंक संगीताचा अड्डा सुरू झाला. कारभार स्वयंसेवकांचा. शाळकरी पोरांनाही प्रवेश. दारू नाही, मारामारी नाही, वंशद्वेष नाही, बाईचा अपमान नाही. 'ग्रीन डे' हा बँड इथेच वाढला. मोठ्या कंपनीशी करार केल्यावर त्यालाही इथला मंच बंद झाला. हा कडक बाणा मला मनापासून आवडतो.

मुंबईत धोबीतलावला रंगभवन होतं. १९७८ची पहिली जॅझ यात्रा तिथली, 'इंडिपेंडन्स रॉक' या रॉक महोत्सवाची गर्दीही तिथलीच. शेजारी रुग्णालयं, कॉलेज. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी अशा ठिकाणांभोवती शंभर मीटरचा शांतता परिसर आखला, आणि पुढे तिथल्या गिटारी गप्प झाल्या. रुग्णाची झोप मोलाचीच. पण पोरांसाठी तशी दुसरी जागा उभी राहिली नाही, याचा राग येतो.

आपल्या वऱ्हाडात बंद पडलेल्या जिनिंग-प्रेसिंगच्या शेडी किती! उंच छप्पर, जाड भिंती, कापसाच्या गाड्या वळायच्या ते ऐसपैस आवार. वस्तीपासून दूरची एखादी घ्यावी. आधी वायरिंग नि अर्थिंग नीट करून घ्यावं, रात्री दहाला आवाज बंद. तिकीट कॉलेजच्या पोराला परवडेल एवढंच. अकोल्यातली एक शेड मी हेरून ठेवली आहे. भाड्याचं मालकाशी बोलणार आहे.